जाळ्याला पोट येतं तेव्हा: डोळ्याचे डॉक्टर आणि विद्यापीठातले शास्त्रज्ञ

जुलैचा दुसरा आठवडा. हर्णैला बोटी वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून बंदरावर शुकशुकाट आणि घराघरांच्या पडव्यांत जाळ्यांचे ढीग. काका पडवीत पाटावर बसून जाळं शिवत होते. मधेच त्यांनी हाक मारली, "अगो बाय, हे जाळं मधीच फुगलंय काय बघ. पोट आल्यासारखं दिसतंय."

जाळं खुंटीला ताणून बांधलेलं होतं, भोकांच्या रांगा सरळसोट. मी म्हटलं, "काका, एकेक डोळा झाकून बघा." डावा झाकला की जाळं फुगायचं, उजवा झाकला की सरळ. पोट आलं होतं ते उजव्या डोळ्यातल्या पडद्याला.

काकांची चाळीस वर्षं तांडेलपणात, म्हणजे बोट चालवण्यात, गेली. शुगर निघून बारा वर्षं झाली, गोळ्या आठवतील तशा. वर्षभरात दोनदा चष्म्याचा नंबर बदलून झाला होता. दोन्ही वेळा "वय झालं, नंबर वाढला" एवढंच ऐकून आलो. बाहुली मोठी करून आत पडद्यापर्यंत कुणी डोकावलं नाही, आणि मी घरातली शिकलेली, तरी मलाही ते विचारायचं सुचलं नाही. तो राग थोडा स्वतःवरच आहे.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, डोळ्यांची डॉक्टर नव्हे. पण पुढचं वर्षभर काकांबरोबर दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून बसून एक गोष्ट लक्षात आली. त्या खोलीतल्या कुठल्याही वस्तूचं मूळ शोधत गेलं, की शेवटी दोन माणसं सापडतात: एक रोज रुग्ण तपासणारा आणि दुसरा ज्याने आयुष्यात कदाचित एकही रुग्ण तपासलेला नाही. ही दोघं एकमेकांना कशी भेटली, यातच नेत्रविज्ञानाची निम्मी गोष्ट आहे.

आधी जाळ्याचं पोट. डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून एक पातळ अस्तर असतं, तो पडदा. त्याच्या मध्यावर पीतबिंदू नावाचा छोटा भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं, सगळं बारीक काम तो करतो. मधुमेहात पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीत ओल मुरली की गिलावा फुगतो ना, तसा पीतबिंदू फुगतो. त्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी जागच्या हलतात, आणि सरळ रेघ मेंदूला वाकडी कळते. भारतात चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी साधारण आठातल्या एकाच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम दिसतो, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आढळलं. सुरुवातीला यातल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही. काकांकडे जाळं होतं म्हणून जाणवलं.

स्वित्झर्लंडचे डॉक्टर मार्क आम्सलर यांनी १९४० च्या दशकात नेमकी हीच तपासणी कागदावर आणली होती: चौकटींचा तक्ता, मध्ये ठिपका, एकेका डोळ्याने बघायचं. पडद्याच्या डॉक्टरीणबाईंनी तो तक्ता पुढे धरला तेव्हा काका म्हणाले, "हे तर बारक्या भोकाचं जाळं."

फिश फाइंडर, पण उजेडाचा

डॉक्टरीणबाई पंधरा दिवसांतून एकदा तालुक्याला यायच्या. थेंब टाकून, तासभर बसवून त्यांनी काकांची हनुवटी एका यंत्रावर टेकवली. दोन-चार सेकंदांत स्क्रीनवर पडद्याचा उभा छेद आला. करड्या रंगाच्या थरांवर थर, मध्ये डोंगरासारखा उंचवटा आणि त्याच्या पोटात काळे खळगे. खळगे म्हणजे साचलेलं पाणी. मी काही म्हणायच्या आत काका बोलले, "ह्यो आमचा फिश फाइंडरच झाला. हे वर पाणी, हा गाळ, खाली खडक."

मी वर्गात दहा वर्षं शिकवूनही इतकी चपखल उपमा देऊ शकले नसते. फिश फाइंडर बोटीखाली आवाज सोडतो, तो तळाला आपटून परत येतो, आणि किती वेळाने आला त्यावरून खोली कळते. ओसीटी नावाचं हे यंत्र आवाजाऐवजी उजेड सोडतं. पडद्याच्या प्रत्येक थरावरून थोडा उजेड परत फिरतो. कुठल्या थरावरून तो किती उशिरा आला, ते मोजलं की थरांचा नकाशा तयार.

पण इथेच घोळ आहे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. ३० मीटर खोल तळ असेल, तर परत यायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो, आणि तो मोजणं सोपं आहे. प्रकाश फारच घाईत असतो. पडद्यातले दोन थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके दूर असतील, तर त्यांच्यावरून परतणाऱ्या किरणांत पडणारा फरक असा: एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचा जेमतेम दहावा हिस्सा. कुठलंही साधं घड्याळ हे मोजू शकत नाही.

मग वेळ न मोजताच वेळ कळवून घ्यायची युक्ती लागते. खाडीच्या तोंडाशी दोन बाजूंनी आलेल्या लाटा भेटतात तेव्हा काय होतं ते आठवा. लाटेचा माथा माथ्यावर आला तर पाणी उसळतं, माथा खळग्यावर आला तर सपाट होतं. प्रकाशही लाटच. यंत्रात एका किरणाचे दोन भाग करतात. एक जातो डोळ्यात, दुसरा ठरावीक अंतरावरच्या आरशाकडे. दोघे परत येऊन भेटतात. यासाठी मुद्दाम असा उजेड घेतात की त्याच्या लाटांचा ताफा अगदी आखूड असतो. त्यामुळे दोघांनी जवळपास सारखंच अंतर कापलं असेल तरच ते एकमेकांवर उसळतात, एरवी नुसतेच मिसळून जातात. आरशाचं अंतर आपल्याला माहीत असतं, म्हणजे डोळ्यातल्या थराचंही कळलं. मूळच्या यंत्रात आरसा पुढेमागे सरकवत एकेक थर वाचायचे. आताची यंत्रं तेच काम प्रकाशाच्या रंगांचं पृथक्करण करून डोळ्याची पापणी लवायच्या आत करतात.

हे सुचलं कुणाला? अमेरिकेत बॉस्टनच्या पट्ट्यात, एमआयटीमध्ये, जेम्स फुजिमोटो नावाचे विद्युत अभियंते अतिजलद लेसरवर काम करत होते. ते डोळ्यांचे डॉक्टर नव्हते. जवळच हार्वर्डशी जोडलेल्या नेत्र रुग्णालयात कार्मेन पुलियाफितो आणि जोएल शूमन हे डॉक्टर होते. त्यांची अडचण साधी होती: पडद्याच्या वरून फोटो काढता येतो, पण जाडी दिसत नाही. वरून समुद्र बघून खोली कशी कळणार? फुजिमोटोंच्या प्रयोगशाळेत डेव्हिड ह्वांग हा विद्यार्थी एकाच वेळी डॉक्टरकी आणि पीएचडी दोन्ही करत होता. एरिक स्वॉन्सन उपग्रहांच्या दळणवळणासाठी प्रकाशाचं तंत्र विकसित करत होते. त्यांनी दूरसंचारातल्या तंतूंचं ज्ञान आणलं. १९९१ साली 'सायन्स' या नियतकालिकात या मंडळींचा निबंध आला. त्यातली चित्रं शरीराबाहेर काढलेल्या डोळ्याची होती. १९९३ पर्यंत जिवंत माणसाच्या पडद्याची चित्रं निघाली, आणि १९९६ साली यंत्र बाजारात आलं. (प्रकाशाच्या याच गुणधर्मावरून डोळ्याची लांबी मोजण्याचं काम व्हिएन्नात आडॉल्फ फेर्शर यांनी थोडं आधीच केलं होतं. शोधाचं श्रेय एका दारात कधीच मावत नाही.)

या गटात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ह्वांग. तेव्हा तो मोठा होता म्हणून नव्हे. दोन्ही बोल्या येणारा तो एकटा होता म्हणून. डॉक्टर "सूज" म्हणतो, अभियंता विचारतो, "किती मायक्रॉन?" (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) डॉक्टरला आजचा रुग्ण दिसत असतो, अभियंत्याला सिग्नल आणि कचरा. मालवणी आणि संगमेश्वरी बोलणाऱ्यांत लग्न जमवायला जसा एखादा दोन्हीकडचा मामा लागतो, तसा हा. २०२३ साली अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार ह्वांग, फुजिमोटो आणि स्वॉन्सन यांना मिळाला. ह्वांग स्वतः पुढे नेत्रतज्ज्ञ झाले. प्रश्न घेऊन आलेले पुलियाफितो आणि शूमन मात्र त्या यादीत नव्हते. पुरस्कार देणाऱ्यांची कारणं असतील. मला ते खटकलं.

खरं तर एकेकाळी ही दोन्ही माणसं एकाच डोक्यात मावत. जिवंत डोळ्याचा पडदा जगाला पहिल्यांदा नीट दाखवणारं उपकरण १८५१ साली जर्मनीच्या हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी प्रसिद्ध केलं. ते शिक्षणाने लष्करी डॉक्टर, आणि नंतर बर्लिनला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. आज तेवढं सगळं एकाने शिकायचं म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही, म्हणून दोघांना एकत्र बसायला टेबल लागतं.

डोळ्यात सुई, आणि तिच्या मागची साठ वर्षं

"डोळ्यात इंजेक्शन" हे शब्द ऐकून काकांचा चेहरा असा झाला की वादळाचा बावटा लागला असावा. प्रत्यक्षात बधिर करणारे थेंब टाकून, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून, अगदी बारीक सुईने औषध आत सोडतात. दोन मिनिटांचं काम. महिन्याने पुन्हा, मग पुन्हा.

ते औषध काय करतं? रक्त कमी पडलेला पडदा हाका मारतो. ती हाक म्हणजे व्हीईजीएफ नावाचं प्रथिन. त्याने जुन्या वाहिन्या झिरपू लागतात, काही ठिकाणी नव्या आणि कच्च्या वाहिन्या फुटतात. औषध त्या प्रथिनाला पकडून गप्प करतं. झिरपणं थांबलं की सूज ओसरते.

अशी काहीतरी हाक असणार, हा अंदाज १९४८ सालचा. आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञांनी पडद्यातल्या रक्तवाहिन्यांची वाढ पाहून म्हटलं की पडद्यातून कसला तरी झिरपणारा घटक निघत असावा. त्याला नाव नव्हतं, म्हणून 'घटक एक्स'. डॉक्टरच्या नजरेला प्रश्न दिसला होता, पण तो पकडायचं साधन त्या काळात कुणाकडेच नव्हतं. १९७१ साली बॉस्टनचे शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी सांगितलं की कर्करोगाची गाठ स्वतःसाठी रक्तवाहिन्या मागवून घेते, तो पुरवठा तोडा. बरीच वर्षं त्यांना फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या एका औषध कंपनीत नापोलेओने फेरारा यांनी व्हीईजीएफ वेगळं करून त्याचं जनुक ओळखलं.

आता पुढचा टप्पा नीट बघा, कारण सहकार्य म्हणजे काय ते इथे दिसतं. डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये आतला द्रव थोडा बाहेर काढावा लागतो. तो एरवी मोरीत जातो. बॉस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रातल्या लॉइड आयेलो, जॉर्ज किंग आणि सहकाऱ्यांनी १६४ रुग्णांचा असा द्रव जपून ठेवला आणि त्यात व्हीईजीएफ मोजलं. मधुमेहामुळे नव्या वाहिन्या फुटत असलेल्या डोळ्यांत ते भरपूर निघालं, इतरांत कमी. १९९४ साली हा निबंध आला, आणि लेखकांत खुद्द फेरारांचं नाव होतं. शस्त्रक्रियेच्या टेबलावरची बाटली आणि प्रयोगशाळेतलं मोजमाप एकत्र आल्याशिवाय मायकेलसनच्या एक्सला चेहरा मिळाला नसता.

मग औषधं आली, आणि त्यांच्याबरोबर पैशांचा प्रश्न. व्हीईजीएफला अडवणारं बेव्हासिझुमॅब २००४ साली आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. फेरारांच्या त्याच कंपनीने डोळ्यासाठी रॅनिबिझुमॅब हे वेगळं औषध केलं, ते २००६ साली आलं. दरम्यान २००५ साली मायामीचे डॉक्टर फिलिप रोझेनफेल्ड यांनी कर्करोगाच्या औषधाचा अगदी छोटा डोस थेट डोळ्यात देऊन पाहिला, आणि सूज उतरली. अमेरिकेत एका डोसची किंमत तेव्हा अशी: डोळ्याचं खास औषध सुमारे २,००० डॉलर, कर्करोगाच्या औषधाचा तुकडा सुमारे ५० डॉलर. दोन्ही सारखीच चालतात का? महाग औषध विकणाऱ्याला हा प्रश्न विचारायची घाई असायचं कारण नव्हतं. शेवटी अमेरिकेच्या सरकारी नेत्रसंस्थेने पैसे घातले. बाराशेच्या आसपास रुग्णांत, कुणाला कुठलं औषध ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून, तुलना झाली. आजार म्हातारपणी पीतबिंदू झिजण्याचा होता. २०११ साली उत्तर आलं: वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या दृष्टीत फरक नाही.

मधुमेहाच्या सुजेसाठी तीन औषधांची अशीच तुलना २०१५ साली झाली. नजर थोडी उतरलेली असेल तर तिन्ही सारखी. जास्त उतरलेली असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट हे तिसरं सरस. त्यामुळे डॉक्टर तुम्हाला शेजाऱ्यापेक्षा वेगळं इंजेक्शन सुचवत असतील, तर दर वेळी त्यामागे लबाडीच असते असं समजू नका. सरळ विचारा: माझी नजर किती, सूज किती, स्वस्तातलं चालेल का? काकांना स्वस्तातलं चाललं.

या असल्या अभ्यासांत एक तिसरा माणूस असतो, त्याचं नाव कुणी घेत नाही: संख्याशास्त्रज्ञ. किती रुग्ण लागतील, कुणाला काय द्यायचं हे कसं ठरवायचं, दिसलेला फरक खरा की योगायोग, हे तो सांगतो. तो शेवटी बोलावला तर फक्त पोस्टमॉर्टेम करतो; पहिल्या दिवसापासून असला तर अभ्यास जगवतो. त्याच्या बाजूला नीतिसमिती बसते. रुग्णाने समजून सही केली आहे ना, त्याच्या भाषेत समजावलं का, मधेच "नको" म्हणायची मुभा आहे ना, हे ती बघते. काकांचा द्रव उद्या कुणी मागितला, तर हे प्रश्न विचारायचा त्यांना हक्क आहे.

बांध फुटला की खारं पाणी

आपल्याकडे हे टेबल मांडलं गेलंय का? हो, आणि फार चांगलं. हैदराबादचं उदाहरण मला सांगायलाच हवं, कारण ते समजायला कोकणी माणसाइतका लायक कुणी नाही.

खाडीकाठची खारजमीन आठवा. एका बाजूला भरतीचं पाणी, दुसऱ्या बाजूला भातशेती, मध्ये मातीचा बांध. बांध शाबूत तोवर भात पिकतो. फुटला की खारं पाणी आत. डोळ्यातही असा बांध आहे. पांढरा भाग आणि मधलं पारदर्शक बुबुळ जिथे भेटतात त्या गोल कडेला लिंबस म्हणतात. तिथे मूळपेशी राहतात. त्या बुबुळाचा वरचा थर सतत नवा करत राहतात आणि पांढऱ्या भागातलं मांस व रक्तवाहिन्या पलीकडे रोखून धरतात. आपल्याकडे तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब फुटून लहान मुलांच्या डोळ्यात चुना जातो, तेव्हा हा बांधच जळतो. मग बुबुळावर रक्तवाहिन्या चढतात आणि काच धुरकट होते. अशा डोळ्यात नुसतं दुसऱ्याचं बुबुळ बसवून भागत नाही. बांधच नाही, तर नवीन शेतही खारावतं. (चुना गेला तर डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहायचं आणि तसंच डॉक्टर गाठायचा. तूप, मध, दूध, काहीही घालायचं नाही.)

१९९७ साली इटलीत ग्राझिएल्ला पेल्लेग्रिनी आणि सहकाऱ्यांनी चांगल्या डोळ्याच्या कडेवरचा कणभर तुकडा घेऊन त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि जळलेल्या डोळ्यावर लावल्या. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतही असं काम सुरू झालं. त्या शहरात सीसीएमबी ही पेशी आणि रेणूंच्या अभ्यासाची मोठी संस्था आहे. तिचे संचालक राहिलेले प्रथिनांचे शास्त्रज्ञ दोराइराजन बालसुब्रमणियन नंतर याच नेत्रसंस्थेत संशोधनाची धुरा घ्यायला गेले. शास्त्रज्ञाने रुग्णालयात खुर्ची टाकून बसणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते आपल्याकडच्या विभागाविभागांतल्या भिंती ज्याने पाहिल्या आहेत त्याला कळेल.

पेशी वाढवायची प्रयोगशाळा मात्र महाग आणि नाजूक. २०१२ साली याच संस्थेतले वीरेंदर संगवान आणि सहकारी यांनी वेगळाच मार्ग दाखवला. कडेवरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक बारीक कण करायचे, आणि गर्भवेष्टनाच्या पातळ पापुद्र्यावर जैविक डिंकाने थेट जळलेल्या डोळ्यावर चिकटवायचे. पेशी डोळ्यावरच वाढतात. भाताची रोपं दुसऱ्याच्या वाफ्यात करायच्या ऐवजी आपल्याच खाचरात रुजवावीत, तसं. इतकी वर्षं प्रयोगशाळेत पेशींचे स्वभाव कळले, म्हणूनच त्या पायरीसाठी प्रयोगशाळा वगळता आली. सहकार्याचं याहून देखणं फळ मला माहीत नाही.

बंदरावर याच बांधाची एक बारकी फूट घरोघरी दिसते. लोक म्हणतात, "डोळ्यात मास वाढलंय." नाकाच्या बाजूने बुबुळावर चढणारा तो मांसल त्रिकोण. नाकाच्याच बाजूने का? ऑस्ट्रेलियातले नेत्रशल्यविशारद मिनास कोरोनिओ यांनी १९९० च्या दशकात प्रकाशाचा मार्ग आखून दाखवलं की कानाकडून तिरपं येणारं ऊन बुबुळाच्या घुमटातून वळतं आणि नाकाकडच्या कडेवर एकवटतं, भिंगाने कागद जाळावा तसं, सुमारे वीसपट. समोरून येणाऱ्या उन्हाला भुवई आणि टोपी अडवते, बाजूने पाण्यावरून उसळलेल्या उन्हाला कुणी अडवत नाही.

आणि मासेमारांचा अभ्यास तर खरोखर झालाय. अमेरिकेत मेरीलँडच्या चेसापीक उपसागरात खेकडे आणि कालवं धरणाऱ्या ८३८ दर्यावर्दींचे डोळे जॉन्स हॉपकिन्सच्या पथकाने तपासले. ह्यू टेलर त्यात प्रमुख होते. कोण किती वर्षं, किती तास पाण्यावर होता, टोपी होती का, चष्मा होता का, सगळं विचारलं, आणि ऊन मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्यावरून प्रत्येकाच्या डोळ्यात गेलेल्या अतिनील किरणांचा हिशेब मांडला. १९८८ साली निष्कर्ष आला: जन्मभराचं ऊन दुप्पट, तर एका प्रकारच्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट.

हे वाचल्यापासून मला आपलं बंदर सुचतंय. रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे. बोटी कधी सुटतात, किती दिवस बाहेर राहतात, कुठल्या जाळ्याला किती माणसं लागतात, हे तिथल्या लोकांइतकं कुणाला माहीत? अलीकडच्या वर्षांत अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयंही सुरू झाली आहेत. म्हणजे डोळे तपासणारे इथे, बोटी जाणणारे इथे, आणि दर पावसाळ्यात दोन महिने तांडेल-खलाशी घरी.

अर्थात बाहेरचं तयार उत्तर उचलून आणलं की जमतंच असं नाही. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी पडद्याचा फोटो बघून मधुमेहाची खूण ओळखणारा संगणक तयार केला. त्यासाठी १,२८,१७५ फोटो आणि ५४ डॉक्टरांचे शेरे वापरले होते. मदुराईचं अरविंद नेत्ररुग्णालय आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय त्यात सहभागी होते. कागदावर तो नामी चालला. नंतर थायलंडच्या खेडोपाडीच्या दवाखान्यांत नेला, तर पहिल्या काही महिन्यांत पाचातला एक फोटो संगणकाने "नीट नाही" म्हणून परत केला. कारण खोली पुरेशी अंधारी नव्हती. नेट हळू, रांग लांब, परिचारिका वैतागलेल्या. टेबलाशी सगळे होते, फक्त रोज फोटो काढणारी बाई उशिरा बोलावली गेली. आपल्याकडे जुलैत वीज कशी असते ते मी सांगायला नको.

काकांची चार इंजेक्शनं झाली. शुगरची वही आता काकी ठेवते. पोट पूर्ण गेलं नाही, पण जाळ्याच्या रांगा काकांना बऱ्याच सरळ दिसतात, आणि खुंटीपाशी एकेक डोळा झाकून बघायची त्यांना सवय लागली आहे. नारळी पौर्णिमेनंतर आम्ही पुन्हा तालुक्याला गेलो. बाहुली मोठी व्हायची वाट बघत काका डोळे मिटून बाकड्यावर बसले होते. आत दुसरा कुणी रुग्ण होता, दार अर्धवट उघडं. डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "घाबरू नका हो. बोटीवर फिश फाइंडर आहे ना तुमच्या? तसंच हे. फक्त आवाजाच्या जागी उजेड."

काकांनी डोळे न उघडताच कोपराने मला ढोसलं.